कमी वीज खाणारा फ्रीज

खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवायचा, ही बजरंग काशीदची सवय. मग आत कोणी बसलेलं असो नसो. त्याची बायको शालन कितीदा तरी हातात अर्धी थापलेली भाकरी घेऊन अंधारात उभी राहिलेली आहे. बाहेरून "अरेच्चा, तू आहेस होय आत?" असा आवाज यायचा आणि दिवा पुन्हा लागायचा. बजरंग रेल्वेत विजेच्या कामावर होता, घाटातल्या तारांची देखभाल करायचा. सगळी नोकरी विजेच्या संगतीत गेली, त्यामुळे तिचा थेंबही वाया गेलेला त्याला खपायचा नाही. थेंब हा शब्दही त्याचाच.

असल्या माणसाच्या घरात फ्रीज आणायचा म्हणजे शालनचीच कमाल. लोणावळ्यात तेव्हा फ्रीज असायचे ते मुंबईवाल्यांच्या बंगल्यांत, आणि तेही वर्षातले बरेच महिने बंदच. एकाहत्तर साली रेल्वेतल्या माणसाच्या भाड्याच्या घरात फ्रीज म्हणजे आळीनं बघायला यावं अशी गोष्ट. शालनला नेमकं तेच हवं होतं, खोटं कशाला बोला. दूध नासलं की ती नवऱ्याला ऐकू जाईल असा सुस्कारा टाकायची. कधी कधी न नासताही टाकायची. शेवटी कंटाळून बजरंग म्हणाला, "घेऊ. पण निवडीन मी. वीज कमी खाणारा मिळाला तरच, नाहीतर आपला माठ बरा."

पुण्याच्या दुकानात त्यानं विक्रेत्याचा जीव नकोसा केला. तो बिचारा अंडी ठेवायचा कप्पा दाखवतोय, रंग दाखवतोय, दार उघडलं की आत दिवा कसा लागतो ते दाखवतोय. बजरंगनं विचारलं, "दार लावल्यावर हा दिवा विझतो कशावरून?" आजवर त्या दुकानात असं कुणी विचारलं नव्हतं. मग बजरंगनंच दाराच्या कडेचं बटण शोधून काढलं, बोटानं दाबून दिवा विझवला आणि समाधानानं मान हलवली. नंतर खिशातून बसचं तिकीट काढलं, दारात धरलं, दार लावलं आणि तिकीट ओढलं. ते अलगद सुटून आलं. "यातनं गारवा गळतो," असं म्हणून तो पुढच्या फ्रीजकडे वळला. करता करता एका फ्रीजच्या दारात तिकीट फाटलं, पण सुटलं नाही. तिथं तो थांबला.

"याची मोटार चालते किती ते नका सांगू," तो विक्रेत्याला म्हणाला. "थांबते किती, ते सांगा."

विक्रेत्यानं काहीतरी सांगितलं. बजरंगनं ते अर्धंच खरं धरलं आणि तरीही त्याचं समाधान झालं. आता प्रश्न राहिला लहान घ्यायचा की मोठा. घरात दोघंच. मुलगा पुण्याला होस्टेलवर राहून शिकत होता.

"दोन माणसांना लहान पुरे," बजरंग म्हणाला, "पण तुझ्या हाताचा अंदाज बघता मोठाच घेतलेला बरा. रोज पातेल्यात उरतंच तुझ्या. आणि भरलेला फ्रीज गारवा धरून ठेवतो, रिकामा उगीच वीज खातो. तुझं रोजचं उरलेलं आत गेलं की मोटारही कमी चालेल आणि अन्नही वाचेल. विजेचा खर्च त्यातनंच निघतोय की नाही बघ."

शालननं मान फ्रीजकडे वळवली. कारण तिच्या हाताचा अंदाज कधीच चुकत नव्हता.

गोष्ट अशी होती. रोज दुपारी तिच्याकडे भांडी घासायला भागूबाई यायची. वळवणच्या धरणापलीकडे डोंगराच्या अंगाला ठाकरांची वाडी आहे, तिथली. मुलगा शिदू आणि सून दिवाळीनंतर घाटाखाली कोळशाच्या भट्टीवर गेलेली, ती पाऊस लागेपर्यंत परत येणार नव्हती. घरात म्हातारी आणि दोन नाती. त्या पोरींचं रात्रीचं जेवण शालनच्या पातेल्यातून जायचं. पण ते असं उघड द्यायची सोय नव्हती, कारण भागूबाई कुणाकडून फुकटचं काही घेणारी बाई नव्हती. म्हणून शालन म्हणायची, "उरलंय गं, संध्याकाळपर्यंत नासून जाईल. नेतेस का?" भागूबाई जरा विचार केल्यासारखं करायची आणि म्हणायची, "द्या हिकडं. आन्न टाकू न्हाई." जणू तीच शालनवर उपकार करतेय. शालन रोज तीन माणसांचं जास्त शिजवत होती, हे दोघींनाही माहीत होतं आणि दोघींपैकी एकीनंही ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. अन्न नासतं, या एकाच खुंटीवर ते सगळं टांगलेलं होतं.

हे तिथं दुकानातच नवऱ्याला सांगायला हवं होतं. बजरंग चिकट होता तो विजेच्या बाबतीत, माणसांच्या बाबतीत नव्हता. त्यानं ऐकलं असतं. पण शालनचा हात त्या पांढऱ्याशुभ्र दारावरून फिरत होता. आता तोंड उघडलं आणि हा म्हणाला की मग राहू दे फ्रीज, तर? ती म्हणाली, "मोठाच बरा."

कामशेतच्या एका तांदळाच्या व्यापाऱ्याचा ट्रक पुण्याहून रिकामा परत येत होता, त्यात टाकून फ्रीज आला. पाडव्याला त्याला हार घातला, कुंकू लावलं. आळीतल्या बायका येऊन गार पाणी पिऊन गेल्या आणि दात धरून हसल्या. शालनचा दिवस अगदी मनासारखा गेला, दुपारी भागूबाई येईपर्यंत.

बजरंगनं तिलाही बोलावून फ्रीज दाखवला. "हात लाव, भागूबाई. बघ कसा गार आहे. आता या घरात आठवडाभर काही नासायचं नाही," असं म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं आमटीचं पातेलं उचललं, भाताचं उचललं, आणि दोन्ही आत ठेवून दार लावलं.

"आक्रीतच म्हनायचं!" भागूबाई म्हणाली. तिला खरंच नवल वाटलं होतं. तिनं भांडी घासली, पालथी घातली, हात पदराला पुसले आणि मोरीपाशी क्षणभर उभी राहिली. शालननं कपाटातल्या वाट्या उगीच इकडच्या तिकडे केल्या. "येते वैनी," म्हणून भागूबाई रिकाम्या हातानं गेली. त्या रात्री शालनला जेवण गेलं नाही. बजरंगला वाटलं, गार पाणी जास्त झालं असेल.

दुसऱ्या दिवशी बजरंग बाजारात गेलेला असताना तिनं पातेलं पुढं केलं. "उरलंय गं, ने."

"त्या गार कपाटात ठिवा की वैनी," भागूबाई म्हणाली. "भाऊ म्हनलं न्हाई का काल, टिकतं म्हून." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर शालनला सोपं गेलं असतं.

त्याच्या पुढच्या दिवशी शालननं धीर करून चार भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि म्हणाली, "या तुझ्यासाठीच केल्यात." भागूबाईचा चेहरा बदलला. "माज्यासाठी कशापायी? आमच्यात चूल पेटती, वैनी." फडकं तिनं ओट्यावर ठेवलं, अगदी हळू ठेवलं. शालनचे कान तापले. त्यानंतर भागूबाई नेहमीसारखी येत राहिली, नेहमीसारखं काम करत राहिली, आणि रोज रिकाम्या हातानं जात राहिली. शालनची पातेली मात्र फ्रीजमध्ये एकावर एक चढत होती. बजरंग दार उघडून खूश व्हायचा. भरलेला फ्रीज, कमी वीज.

मग बजरंगची दुपारची पाळी सुरू झाली आणि शालनला युक्ती सुचली. तो कामावर गेला की ती फ्रीजचा प्लग भिंतीतून उपसून ठेवायची. भागूबाई आली की म्हणायची, "बंद पडलंय बघ. आतलं सगळं नासणार आता."

भागूबाईनं दाराला कान लावला. घरघर नव्हती. "नवंकोरं, आन् बंद?"

"वीज कमी खातो ना हा," शालन म्हणाली. "म्हणून मधे मधे थांबतो."

खोटं बोलायची सवय नसली की माणूस असलं काहीतरी बोलून जातं. पण भागूबाईला ते पटलं, किंवा तिनं पटवून घेतलं. ती जुन्याच सुरात म्हणाली, "द्या हिकडं." शालननं फ्रीज उघडला, आतलं पातेलं तिच्या डब्यात रिकामं केलं, आणि कित्येक दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला. भागूबाई गेली की ती प्लग परत लावायची. रोज हेच चालू झालं. रोज थोडं खोटं, पण पोरी जेवत होत्या.

इकडे बजरंग मीटर बघून हरखून गेला. दर रविवारी तो स्टुलावर चढून आकडे वाचायचा. एकदा तर सखाराम नावाच्या कामावरच्या सोबत्याला घरी घेऊन आला आणि त्यालाही स्टुलावर चढवलं. "तिकीट फाटलं तेव्हाच ओळखलं मी," तो सांगत होता. "माणसं रंग बघून घेतात. फ्रीज निवडायचा कसा, हे कुणाला कळतंय?" अर्धी दुपार उपाशी ठेवलेला फ्रीज कमी खाणारच. पण ते सांगणार कोण? शालननं चहा पुढं केला. सखाराम जाताना म्हणाला, "वहिनी, आमच्या घरी पण असाच घेतो बघा." नवऱ्याचा तो उजळलेला चेहरा बघून तिला स्वतःची शरम वाटली. एका माणसाला दुखवू नये म्हणून ती दुसऱ्याला फसवत होती, आणि खरं म्हणजे फसवत दोघांनाही होती.

वैशाखात इंदुरीला चुलतभावाच्या घरी लग्न निघालं. बजरंग आधीच पुढं गेला, आठवडाभर तिकडेच राहणार होता. शालनची पाठ धरल्यामुळे तिला जाता आलं नाही. त्या दुपारी तिनं प्लग काढला, भागूबाई येऊन डबा घेऊन गेली, आणि तेवढ्यात आळीतल्या बायका पापड लाटायला आल्या. दिवेलागणीपर्यंत लाटणं, हसणं, कुणाच्या सुनेचं काय आणि कुणाच्या जावयाचं काय. रात्री नवऱ्याचं जेवण वाढायचं नव्हतं. शालननं दोन घास खाल्ले, मटकीची उसळ आणि भात फ्रीजमध्ये सरकवला, रोज दुपारच्या सवयीनं आत दिवा न लागल्याचं तिला खटकलंही नाही, आणि ती पाठ शेकून झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती प्लग काढायला गेली तर प्लग आधीच खाली पडलेला. सकाळी आपणच काढला असेल, असं तिला वाटलं. रोजचं काम हात परस्पर करून टाकतात, आज केलं की काल, ते आठवत नाही. तिनं कालचं पातेलं बाहेर काढलं. ते हाताला थोडं गार लागलं. वास तिनं घेतला नाही. फ्रीजमधून काढलेल्या अन्नाचा वास कोण घेतं? भागूबाईच्या डब्यात उसळ आणि भात ओतून तिनं वर झाकणही लावून दिलं.

भागूबाई गेल्यावर प्लग लावून शालननं दुधाचं भांडं बघितलं. दूध फाटलं होतं. बर्फाच्या खणात पाणी होतं. वाटीत काढून ठेवलेली थोडी उसळ होती, तिच्यावरची ताटली तिनं उचलली. आंबूस भपकारा आला.

ती धावत फाटकापाशी गेली. भागूबाई अजून दिसत होती, धरणाकडच्या वळणावर, डोक्यावर डबा घेऊन चाललेली. हाक मारली असती तर नक्की ऐकू गेली असती. शालननं तोंड उघडलंही. पण हाक मारली की ती परत येणार, का बोलावलं म्हणून विचारणार, आणि मग प्लगचं सगळं सांगावं लागणार. शालननं मनाला सांगितलं की तिला वास येईलच, ती टाकून देईल. नाहीतर चांगली उकळून घेईल. या बायकांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. असं सांगत सांगत ती फाटकाला धरून उभी राहिली, आणि भागूबाई वळणाआड गेली.

दुसऱ्या दिवशी भागूबाई आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शालन भांडी स्वतः घासत होती आणि फाटक वाजलं की मोरीतून बाहेर येत होती. फ्रीज आता दिवसभर चालू असायचा. त्याची घरघर सुरू झाली की तिला ती ऐकवायची नाही. शेवटी तिनं इंदुरीहून बजरंगनं कुणाच्या तरी हाती धाडलेले लग्नातले लाडू फडक्यात बांधले, परत सोडून ठेवले, आणि रिकाम्या हातानं वाडीची वाट धरली. घेऊन जायचं तर काय तोंडानं?

धरणाच्या भिंतीवरून पुढं करवंदीच्या जाळ्यांतून पायवाट चढत होती. ऊन रणरणत होतं. वाटेत तिनं काय काय कल्पना केल्या, त्या सांगण्यासारख्या नाहीत. वाडीतली घरं दिसली तेव्हा रडण्याचा आवाज येत नाहीये ना, हे तिनं आधी ऐकलं. येत नव्हता.

भागूबाई घरासमोर बसून तांदळाच्या कण्या निवडत होती. सुपात मूठभरच होत्या. "वैनी! तुमी हितं?" ती गडबडीनं उठली, पोतं अंथरलं, तांब्या भरून आणला. दार उघडं होतं. आत अंधारात गोधडीवर थोरली नात कमळी पडली होती. तिचे डोळे खोल गेले होते. धाकटी बाहेर भिंतीला टेकून बसली होती, खेळत नव्हती.

"पोरींना हगवन लागली व्हती वैनी, वकाऱ्या बी," भागूबाई म्हणाली. "बारकी उठली आता. कमळीला आजून उभं ऱ्हावत न्हाई. पर पेज पोटात ठरती."

"कशानं झालं?" शालननं विचारलं. स्वतःचाच आवाज तिला ऐकू आला आणि तिला वाटलं, आपल्यासारखी हलकट बाई दुसरी नसेल.

"रानात हिंडत्यात, काय बाय खात्यात. कच्ची करवंदं खाल्ली आसत्याल."

झालं. सुटका झाली होती. पाणी पिऊन, पोरीच्या कपाळावर हात ठेवून परत जायचं, एवढंच उरलं होतं. शालनला क्षणभर खरंच हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याचीच तिला इतकी किळस आली की ती बोलून गेली.

"ती उसळ नासलेली होती, भागूबाई. फ्रीज बंद पडत नव्हता. मीच रोज बंद करायचे, तू न्यावंस म्हणून. त्या दिवशी रात्रभर बंद राहिला. तू गेल्यावर मला कळलं. तू वळणावर दिसत होतीस. मी हाक मारली नाही."

भागूबाई कण्यांतला एक खडा बोटानं बाजूला करत राहिली.

"वास आला व्हता मला," ती म्हणाली. "घरी जाऊन झाकान काढलं तवाच आला."

"मग?"

"मंग काय? मीट घातलं, उकळली. घरात दुसरं काय न्हवतं."

शालनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते काही थांबेना. पदर तोंडाला लावून ती रडत राहिली. भागूबाई गोंधळली. बाई आपल्या दारात येऊन अशी का रडतेय, याचा तिनं तिच्यापरीनं अर्थ लावला, आणि तिच्या चेहऱ्यावर काळजी दिसायला लागली.

"दुसरी बाई लावली का वैनी तुमी?" तिनं विचारलं. "उद्याच्याला येते मी. कमळीला शेजारी ठिवून येते. खाडं झालं, ते कापून घ्या."

"नाही गं, कुणी लावली नाही." शालननं नाक पुसलं. "तू सावकाश ये. खाडे बिडे काही कापणार नाही. आणि ऐक, या महिन्यापासून तुझा पगार वाढवते. घरी नीट शिजवता येईल इतका वाढवते."

भागूबाईनं मान वर केली. तिच्या नजरेत राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं, म्हणून ती विचारत होती.

"मंग आदीच का न्हाई वाढवला, वैनी?"

शालनला उत्तर माहीत होतं. पगार दिला की कामाचं देणं फिटतं, आणि पातेलं दिलं की आपण भले ठरतो. देताना तिला बरं वाटायचं, रोज दुपारी बरं वाटायचं. एवढंच खरं उत्तर होतं, आणि त्या अंगणात बसून ते बोलण्यासारखं नव्हतं.

आतून कमळीनं पाणी मागितलं. भागूबाई सूप खाली ठेवून आत गेली, आणि शालन पोत्यावर तशीच बसून राहिली.